चौसष्ट कोटी किलोमीटर आणि एक स्लॅब

गुरूचे फोटो कधी काढावेत? पंचांग म्हणते, प्रतियुतीच्या सुमारास. नागपूरचा कूलर म्हणतो, डिसेंबरात. २०१९ साली प्रतियुती आली ती नेमकी १० जूनला. मृग लागलेला, पावसाचा पत्ता नाही, आणि रात्री गच्चीवर अनवाणी पाऊल टाकावे तर दुपारचे ऊन स्लॅबमधून अजून वर येतेय.

गुरू तेव्हा साधारण ६४ कोटी किलोमीटरवर होता. तिथला प्रकाश ३६ मिनिटांत इथवर येतो, आणि जवळजवळ सगळी वाट बिनतक्रार कापतो. त्याची दैना होते ती अगदी दारात. हवेचे गरम-गार थर त्याला वाकवतात. मग तापलेली गच्ची, शेजाऱ्यांच्या एसीचा झोत आणि दुर्बिणीचा न निवलेला आरसा उरलीसुरली कसर भरून काढतात. लॅपटॉपवर गुरू आधणाच्या तळाशी टाकलेल्या नाण्यासारखा थरथरतो.

यावर हौशी मंडळींचा तोडगा असा, की फोटोऐवजी व्हिडिओ घ्यायचा. दोन-तीन मिनिटांत हजारो फ्रेम मिळतात. त्यातल्या नीटस तेवढ्या संगणक निवडतो आणि एकावर एक रचतो. रेंगाळायची सोय नाही, कारण गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फेरी मारतो. उशीर केला की लाल डाग फरफटलाच. तिकडे महाराज घाईत, इकडे हवा अस्वस्थ, आणि मध्ये आपण डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून.

न्यूटनने ‘ऑप्टिक्स’मध्ये उपाय सुचवला होता: उंच पर्वतांवरची शांत हवा. सूचना रास्त आहे. पण आमच्याकडे पर्वत म्हणजे सीताबर्डीची टेकडी, आणि तीही लष्कराच्या ताब्यात. मग दुर्बीण संध्याकाळीच बाहेर काढून ठेवायची, आरशामागे छोटा पंखा लावायचा आणि गच्ची निवायची वाट पाहायची. ती पहाटे निवते. तोवर गुरू मावळतीला टेकलेला असतो.

बरे, रागवावे कुणावर? गुरूवरून येणारा उजेड सूर्याचाच, आणि स्लॅब तापवणाराही तोच. त्याच्याशी भांडून फोटो काढणार कशाने? राहता राहिला शेजाऱ्यांचा एसी. पण “काका, तुमच्या एसीमुळे माझा गुरू हलतोय,” असे म्हणायची सोय नाही. काका लगेच स्वतःची पत्रिका घेऊन येतील, शांत कुठली करायची ते विचारतील, आणि एसी चालूच राहील.