कलम त्रेचाळीस-चार

अशी एक मावशी प्रत्येक मंडळीत असतेच. तुमच्याकडे नसेल तर नगरला या आणि आमची घेऊन जा. वर पेटीही देतो.

पेटी मीच वाजवतो, म्हणून हा त्रागा. रविवारी पाळकसाहेबांनी "आता मावशींचं विशेष गीत" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. रेव्हरंड टिळकांनी एवढी सुरेख भजनं लिहून ठेवली, पण मावशीनं त्यातलं एकही सुरू केलेल्या पट्टीत संपवलेलं नाही.

"मावशी, काळी चार धरू?"

"धर रे कुठलीही. ऐकणाऱ्याला चालते."

ऐकणारा म्हणजे आम्ही नव्हे. आम्हाला विचारतो कोण?

एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, लोक हसतात." तिनं शांतपणे चष्मा पुसला. "यशया ४३:४." पोलीस कलम लावतात तसं! तू माझ्या लेखी मोलाचा आहेस, असं देव तिथं सांगतो. झालं, अपील नाही. साडी पडद्याच्या कापडाची दिसते म्हणालं कुणी, यशया. महिला मंडळाच्या निवडणुकीत एकच मत पडलं, तेही स्वतःचं, यशया. हंगामाच्या सणाला लिलावात तिच्या करपलेल्या नानकटाईला बोली लागेना, तेव्हा हिनंच हात वर केला. समोर कुणी नसताना बोली चढवत शंभरावर नेली आणि डबा पिशवीत टाकत म्हणाली, "मोलाची वस्तू आहे, स्वस्तात का सोडू?"

टोमणा लागतच नाही अशा माणसाचं करायचं काय? मी उपासना संपल्यावर चहापाशी उगाच घुटमळतो, कुणी तरी "आज पेटी छान झाली" म्हणेल म्हणून. मावशी आमेन म्हणते आणि चपला शोधायला लागते.

हे कलम तिला आजीकडून आलंय. आजी नेवाशाकडची. वाड्याबाहेर पदर पसरून उभी राहायची. भाकरी वरून टाकत. अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं १८३१ साली, आजीच्या वस्तीपर्यंत पोचायला त्याला पुढं कितीतरी वर्षं लागली. मग एक बायबलबाई आली आणि आजीला खेटून बसली. अक्षरं नंतर शिकवली. आजीला नवल त्या बसण्याचंच. वाचता यायला लागल्यावर पहिलं पाठ केलेलं वचन हेच. आजीनं ते लेकीला दिलं, लेकीनं मावशीला. द्यायला घरात दुसरं काही नव्हतंही. हे मला कळल्यापासून मी तिच्या मागं मागं पट्टी बदलत जातो. जमत नाही, पण जातो.

देवळात आम्ही सगळे एका चटईवर बसतो, हे खरं. सोयरीक निघाली की मात्र पिढ्या उकरतो. मावशीच्या भाचीला पाहायला मंडळी आली होती. आजोबांपासून ख्रिस्ती, दारातच "सलाम, सलाम" झालं. पोहे संपले तसा मुलाचा काका घसा खाकरून पुढं सरकला.

"म्हणजे, ख्रिस्ती होण्याआधी आपलं घराणं...?"

"यशया ४३:४," मावशी म्हणाली.

काकांनी खिशातून डायरी काढली. "यशया. बरं. म्हणजे राहुरीकडचे का?"