खिडकी त्यांची, झोप आमची

रात्री दीड वाजता बर्गर मिळावा का? जरूर मिळावा. नाइट शिफ्टची नर्स, रिक्षावाला, विमानतळावरचा लोडर, भूक सगळ्यांना लागते. तक्रार बर्गरची नाही. बर्गर विकताना होणारा गोंगाट कोणाच्या उशाशी जाऊन पोहोचतो, त्याची आहे.

महाराष्ट्रात हॉटेल चोवीस तास उघडं ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा तशी मुभा देतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने आदेश काढून ती पुन्हा स्पष्ट केली, दारू विकणारे वगळून. आणि ध्वनिप्रदूषणाचे नियम? तेही आहेत, २००० सालापासून. रात्री दहा ते सकाळी सहा, निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल.

पहिला कायदा हॉटेलवाल्यांना तोंडपाठ आहे. दुसरा कोणी वाचला?

दिवसा ५५, रात्री ४५. दहाचा फरक किरकोळ वाटतो ना? डेसिबलचं गणित तसं चालत नाही. दहा डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा एक दशांशावर. कायदा ‘जरा हळू’ म्हणत नाही, ‘गप्प’ म्हणतो.

ड्राइव्ह-थ्रूची कल्पना कागदावर सुटसुटीत आहे. गाडी आत घ्या, माइकवर ऑर्डर द्या, खिडकीशी पैसे द्या, पुडकं घ्या, निघा. प्रत्यक्षात रांग गेटबाहेर येते. इंजिनं चालू, गाणी चालू, हेडलाइट थेट पहिल्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये.

जिथे ड्राइव्ह-थ्रू नाही, तिथे आपला देशी प्रकार आहे. गाडी फुटपाथला लावायची, हॉर्न मारायचा, मेनूकार्ड घेऊन पोऱ्या धावत येतो. रात्री निवासी भागात हॉर्न वाजवायलाच नियमाने मनाई आहे, अपवाद फक्त सार्वजनिक आणीबाणीचा.

पनीर रोल ही कोणती आणीबाणी?

उपाय अवघड नाहीत, महागही नाहीत. ऑर्डर घेणारा स्पीकर सोसायटीकडे तोंड करून का लावायचा? फिरवा. लांब न्या. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. दहानंतर तर स्पीकर बंदच ठेवा, ऑर्डर मोबाइलवर किंवा थेट खिडकीशी घ्या. याला पैसे लागत नाहीत, इच्छा लागते.

‘झाडं लावतो, आवाज अडेल’ असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. कुंड्यांच्या रांगेने नजर अडते. आवाज अडवायला भक्कम भिंत लागते. तीच भिंत हेडलाइटही अडवते.

रांग हॉटेलच्या स्वतःच्या प्लॉटमध्ये मावली पाहिजे. मावत नसेल, तर ती जागा ड्राइव्ह-थ्रूची नव्हेच. रस्ता सगळ्यांचा आणि गल्ला एकट्याचा, हा हिशेब कोणी मंजूर केला?

डिलिव्हरीची पोरं खाली गलका करतात म्हणून सोसायट्या चिडतात. चीड रास्त, पण भलत्यावर निघते. आत बसायला बाक नाही, प्यायला पाणी नाही, शौचालय नाही. ती पोरं थांबणार कुठे? हॉटेलने त्यांना आत घेतलं, तर फुटपाथ आपोआप शांत होईल.

बाटल्यांचे क्रेट, कचऱ्याचे डबे रात्री तीनलाच फरफटत न्यायला हवेत? सकाळी सातला नेले तर काय बिघडतं? किचनचा धूर छताच्या वर सोडता येतो, तो शेजाऱ्याच्या खिडकीसमोर का? बंद करताना आजूबाजूचे कागदी पेले, पुडकी उचलायला दोन माणसं पुरतात.

हे सगळं कोणी करून घ्यायचं? आज ती जबाबदारी झोपमोड झालेल्या माणसावर आहे. त्याने ११२ फिरवायचा. पोलीस येतात, आवाज थांबतो. पोलीस जातात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पूर्वी आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने जास्त असेल, तरच तक्रारीला आधार होता. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीचे निर्बंध मोडले, एवढं कारणही पुरतं. ‘आवाज मोजून आणलात का?’ असं कोणी विचारलं, तर हे ऐकवा.

पण खरा इलाज तक्रारीच्या आधीचा आहे. नकाशा मंजूर करतानाच स्पीकरची दिशा, रांगेची जागा, भिंत, धुराडं, कचऱ्याची वेळ लिहून घ्या. रात्री फोन उचलणाऱ्या मॅनेजरचा नंबर गेटवर लावा. अटी मोडल्या तर रात्रीचे तास कापा. दुकान बुडणार नाही, पण शहाणपण लवकर येईल.

अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराने २०१९ मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रूंवर सरळ बंदी घातली. आपल्याला त्या टोकाला जायचं नाही. पण जाणार नाही, याचा अर्थ सगळं सोसणार असाही नाही.

रात्रभर धंदा करायची मुभा कायद्याने दिली आहे. रात्रभर शेजाऱ्यांना जागं ठेवायचा परवाना एकाही खिडकीवर मिळत नाही.