पैसे भरून लटकायला चालले पोट्टे!

ऐकलं का हो? अमरावती-अकोल्याच्या बऱ्या घरांत साहस शिबिरांची नवीच टूम निघाली आहे. ‘झाडावर चढशील तर तंगडं मोडीन’ असा दम ज्याला कालपर्यंत मिळत होता, त्याच कार्ट्याला आता फी भरून कड्यावरून दोरानं खाली सोडतात! चिखलदऱ्याला न्यायचं, तंबूत निजवायचं, ज्याचं ताट त्यालाच घासायला लावायचं. घरी पाण्याचा पेला जागचा न हलवणारा चिरंजीव तिथं ताट खसाखसा घासतो, आणि तो फोटो आईच्या स्टेटसवर झळकतो. शिव शिव!

‘काहून वं माय, पैशे देऊन भांडे घासाले धाडतं का पोराले?’ आजी विचारते. आजीला कोण सांगणार, की यावर बड्या विद्वानांची चूल पेटते! कुर्ट हान या जर्मन मास्तरानं 1941 साली वेल्समध्ये ‘आउटवर्ड बाउंड’ची शाळा काढली, तेव्हापासूनचं हे खूळ. 1997 मध्ये संशोधक जॉन हॅटी आणि मंडळींनी असल्या शिबिरांवरचे 96 अभ्यास चाळले. निघालं काय? पोरांचा आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा वाढतो आणि शिबिर संपल्यावरही वाढत राहतो. मात्र फळतात ती जास्त करून वीस दिवसांपुढची शिबिरं. आमची वरात शनिवारी जाते, रविवारी परत. वर ‘नेतृत्वगुण संपादन केले’ असं प्रमाणपत्र!

त्यातही अँड्र्यू ब्रूक्ससारखे ऑस्ट्रेलियन अभ्यासक म्हणतात, दोरावर लटकून चारित्र्य घडतं हा भ्रमच आहे. संशोधनाचा नवा ओढा ‘ती जागा काय शिकवते’ याकडे. घ्या! आमचे वीर मेळघाटात जाऊन येतात; पण इंग्रजांच्या वेलस्लीनं 1803 मध्ये घेतलेला तिथला गाविलगड कोणता, तिथली कोरकू माणसं कोणती, विचारा बरं. झिपलाइनचा व्हिडिओ तेवढा दाखवतील.

आणि नवं तरी काय त्यात? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1914 पासून पोरं घडवली, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी दाखवली. तेव्हा कोणी स्टेटस ठेवलं होतं?

पाठवा बापहो, खुशाल पाठवा. फक्त राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार संस्थेची नोंदणी आहे का ते आधी विचारा, दोनाऐवजी वीसपेक्षा जास्त दिवस पाठवा, आणि रोज रात्री ‘जेवला का रे’ म्हणून फोन लावू नका.