यजमानाचा नंबर शेवटी

ऑरलँडोला निघालेल्यांनी एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवावी. ज्याच्यासाठी आपण ऑरलँडोला जातो, ते डिस्ने वर्ल्ड ऑरलँडो शहरात नाहीच. ते शहराच्या हद्दीबाहेर, नैर्ऋत्येला आहे आणि त्याच्या पोटात दोन स्वतंत्र नगरपालिका आहेत: बे लेक आणि लेक ब्युएना व्हिस्टा. २०२०च्या जनगणनेत दोन्ही मिळून साठ माणसंही भरली नाहीत. गिरगावातल्या चाळीच्या एका मजल्यावर याहून जास्त मतदार सापडतील.

आता पाहुणे मोजा. २०२४ साली ऑरलँडो परिसरात साडेसात कोटींहून जास्त माणसं आली. अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र एका वर्षात येऊन, राईडमध्ये बसून, उंदराचे कान डोक्याला लावून परत गेला असं समजा. भागलं नाही म्हणून २२ मे २०२५ रोजी डिस्नेच्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलने ‘एपिक युनिव्हर्स’ नावाचं आणखी एक उद्यान उघडलं. खर्च सुमारे सात अब्ज डॉलर. निन्टेंडोचा मारिओ आला, हॅरी पॉटरचं जादू मंत्रालय आलं, ड्रॅगन आले, भुतं आली. उन्हात सावली मात्र पुरेशी नाही, अशी पहिल्या पाहुण्यांची तक्रार. फ्लोरिडात सावलीचं बजेट बहुधा ड्रॅगनने खाल्लं असावं.

जमीन

हा पसारा सुरू कसा झाला? १९६०च्या दशकाच्या मध्यात मध्य फ्लोरिडातल्या दलदलीत कुणीतरी गुपचूप जमिनी घेत होतं. खरेदीदार कंपन्यांची नावं वेगवेगळी, मालक एकच. २७ हजार एकरांहून जास्त जमीन, एकरी सरासरी २०० डॉलरच्या आत. ऑक्टोबर १९६५मध्ये स्थानिक ‘ऑरलँडो सेंटिनेल’ने गुपित फोडलं आणि भाव आभाळाला भिडले, पण तोवर वॉल्ट डिस्नेसाहेबांचं काम उरकलं होतं. आपल्याकडे याला बेनामी म्हणतात, तिकडे दूरदृष्टी.

१९६७ साली फ्लोरिडा राज्याने डिस्नेला ‘रीडी क्रीक’ नावाचा खास जिल्हाच करून दिला. रस्ते, गटारं, अग्निशमन दल, बांधकामाचे परवाने, सगळं घरचं. म्हणजे अर्ज करणारा आणि मंजूर करणारा एकाच ऑफिसातून जेवायला बाहेर पडणार. विमानतळ आणि अणुवीज केंद्र उभारण्याचीही मुभा त्या कायद्यात होती. अणुभट्टी बांधली नाही, हा डिस्नेचा संयमच म्हणायचा.

राजा

पंचावन्न वर्षं सगळं गोडीगुलाबीने चाललं. मग २०२२ साली शाळेच्या वर्गात लैंगिक कल आणि ओळख यांबद्दल काय बोलायचं यावर बंधन घालणारा कायदा आला. डिस्ने आधी गप्प बसली, कर्मचारी चिडले तेव्हा विरोधात बोलली, आणि गव्हर्नर रॉन डिसँटिस यांचा पारा चढला. फेब्रुवारी २०२३मध्ये त्यांनी जिल्ह्याचं मंडळ आपल्या हातात घेतलं.

पण जाणाऱ्या मंडळाने जाता जाता डिस्नेशी एक करार करून ठेवला होता. त्याची मुदत? इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या, कराराच्या दिवशी हयात असलेल्या वंशजांपैकी शेवटची व्यक्ती वारल्यानंतर २१ वर्षांपर्यंत. थट्टा नव्हे; जुन्या इंग्रजी कायद्यातून आलेलं हे कलम कागदोपत्री रीतसर आहे. ज्या राजघराण्याला अमेरिकेने १७७६ साली हाकललं, त्याच्या नातवंडांच्या तब्येतीवर मिकीचे हक्क अवलंबून!

पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. जानेवारी २०२४मध्ये डिसँटिस राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले, मार्चमध्ये समेट झाला, जूनमध्ये नवा करार. डिस्ने येत्या दहा-वीस वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणार आणि वाटलं तर पाचवं मोठं उद्यानही काढणार. तत्त्वांची एवढी मोठी लढाई. निकाल लागला तो एकर आणि डॉलर यांत.

रांग

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ला उघडलं तेव्हा मोठ्या माणसाचं प्रवेशशुल्क साडेतीन डॉलर होतं. राईडची कुपनं वेगळी, ‘ए’पासून ‘ई’पर्यंत, ‘ई’ म्हणजे सगळ्यांत भारी. १९८२ साली कुपनं गेली आणि एका तिकिटात सगळं मिळू लागलं. १९९९ला वेळ राखून ठेवायची सोय आली, तीही फुकट. माणूस फुकटाला सरावला. मग २०२१ला तीच सोय पैसे भरून. २०२४च्या अखेरीस तर एक असा पास निघाला की एका माणसाला एका दिवसाला, उद्यान आणि तारीख पाहून, ४४९ डॉलरपर्यंत मोजायचे आणि रांग चुकवायची. यात प्रवेशाचं तिकीट धरलेलं नाही. गर्दीच्या दिवसांत ते दोनशे डॉलरच्या आसपास जातं.

थोडक्यात, पन्नास वर्षांनी कुपनं परत आली. फरक एवढाच की तेव्हा पैसे राईडचे घेत, आता उभं न राहण्याचे घेतात. हा धंदा कुणाला सुचला त्याला दंडवत घालावा: रांग लांबेल तितका ती टाळण्याचा भाव चढणार. मग रांग कमी करण्याची घाई कुणाला?

निसर्ग मात्र अजून कंपनीला विकला गेलेला नाही. उन्हाळ्यात दुपारी आभाळ भरून येतं, वीज चमकते आणि बाहेरच्या राईड बंद होतात. चारशे डॉलरवाला आणि बिनपैशाचा, दोघेही एकाच छपराखाली प्लॅस्टिकचे रेनकोट घालून उभे. ऑरलँडोतली समता ती एवढीच, तीही पाऊस थांबेपर्यंत.

यती

डिस्नेच्या ‘ॲनिमल किंगडम’मध्ये सपाट फ्लोरिडात एव्हरेस्ट उभा केला आहे. उंची १९९.५ फूट. दोनशे फूट भरले की विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो, म्हणून अर्धा फूट छाटलेला हिमालय. आत गाडी धडधडत जाते आणि शेवटी अंगावर धावून येतो यती.

म्हणजे यायचा. एप्रिल २००६ला राईड सुरू झाली आणि काही महिन्यांतच यतीचं हलणं थांबलं. तेव्हापासून त्याच्यावर लुकलुकता दिवा सोडतात, म्हणजे तो हलतोय असं आपल्याला वाटतं. चाहत्यांनी त्याचं नाव ‘डिस्को यती’ ठेवलं आहे. ज्यांनी ही राईड घडवली त्या जो रोडी यांनी तो एक दिवस दुरुस्त करू असा शब्द दिला होता. २०२१ला ते निवृत्त झाले. यती अजून सेवेत आहे, काम न करता. सरकारी नोकरीतल्यांनी त्याच्या चिकाटीचा हेवा करावा.

संत्रं

ऑरलँडो ज्या काउंटीत येतं तिचं नाव ऑरेंज. शेजारच्या क्लेरमाँट गावात १९५६ साली ‘सिट्रस टॉवर’ नावाचा २२६ फुटी मनोरा बांधला. वर चढायचं आणि क्षितिजापर्यंत पसरलेल्या संत्र्यांच्या बागा पाहायच्या. १९८०च्या दशकातल्या कडाक्याच्या थंडीने बागा जाळल्या आणि शेतकऱ्यांनी जमिनी बिल्डरांना दिल्या. उरलेल्या झाडांना पुढे रोगाने गाठलं. मनोरा अजून आहे. वर चढलं की घरांची छपरं दिसतात.

पण काळजी नको. डिस्नेने फ्लोरिडाच्या फळबागायतदारांसाठी १९७०च्या सुमारास ‘ऑरेंज बर्ड’ नावाचा एक गोंडस पक्षी बनवला होता. झाडं गेली, पक्षी दुकानात खेळणं होऊन शिल्लक आहे.

कर

आता मुद्द्याचं. ऑरेंज काउंटीत हॉटेलची खोली घेतली की नेहमीच्या साडेसहा टक्के विक्रीकरावर आणखी सहा टक्के ‘पर्यटन विकास कर’ भरावा लागतो. त्यातून वर्षाला ३५ कोटी डॉलरच्या आसपास जमतात. आपल्या हिशेबाने तीन हजार कोटी रुपये. कोणताही महापौर स्वप्नात पुटपुटेल असा आकडा.

पण महापौराला हात लावता येत नाही. राज्याच्या कायद्याने हा पैसा मुख्यतः पर्यटन वाढवण्यासाठीच खर्चायचा. म्हणजे जाहिराती, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक असलेलं अधिवेशन केंद्र, स्टेडियम, बास्केटबॉलचं मैदान. पाहुणा पैसे देतो ते आणखी पाहुणे बोलवण्यासाठी. ते येतात, कर भरतात, त्यातून आणखी पाहुणे. बस, शाळा, भाड्याची घरं यांचा नंबर या वर्तुळात लागतच नाही.

मग बससाठी पैसे आणायचे कुठून? २०२२ साली काउंटीचे महापौर जेरी डेमिंग्स यांनी वाहतुकीसाठी एक टक्का जादा विक्रीकर मतदारांपुढे ठेवला. मतदारांनी तो फेटाळला. आधीच महागाईने वैतागलेल्या माणसाला ‘पाहुण्यांचे तीन हजार कोटी आहेत, पण तुझ्या खिशातून आणखी एक टक्का दे’ म्हटल्यावर तो दुसरं काय करणार?

परिणाम पाहा. सप्टेंबर २०२३पासून मायामीहून झकपक वेगवान रेल्वे थेट ऑरलँडो विमानतळावर येते. तिथून उद्यानांकडे रेल्वे नाही. शहराची लोकल ‘सनरेल’ शनिवार-रविवारी धावत नाही. डिस्नेची विमानतळावरून नेणारी फुकट बससुद्धा २०२२च्या सुरुवातीला बंद झाली. साडेसात कोटी पाहुण्यांचं गाव आणि सुट्टीच्या दिवशी लोकलला सुट्टी!

समर्थक सांगतात, पाहुण्यांच्या पैशाचा हातभार असल्यामुळे फ्लोरिडाला वैयक्तिक प्राप्तिकराविना भागतं. खरं आहे. प्राप्तिकर माफ झाल्याचा आनंद ज्याची प्राप्ती मोठी त्याला जास्त होतो, हेही तितकंच खरं.

भाडं

२०२३च्या करारानंतर डिस्नेच्या हजारो कामगारांची सुरुवातीची मजुरी तासाला १८ डॉलर झाली. त्यासाठी युनियनला महिनोन्‌महिने भांडावं लागलं. कामगारांना उद्यानात प्रवेश फुकट असतो, हे कंपनीच्या बाजूने नोंदवायला हवं. घरभाडं फुकट नसतं. कमी उत्पन्नाच्या माणसाला अमेरिकेत जिथे घर मिळणं सर्वांत अवघड, अशा महानगरांत ऑरलँडोचं नाव वर्षानुवर्षं येतं. शेजारच्या किसिमी शहरातल्या १९२ क्रमांकाच्या हमरस्त्यावर पर्यटकांसाठी बांधलेली मोटेलं आहेत. त्यांत आठवड्याच्या भाड्याने कुटुंबंच्या कुटुंबं राहतात. शॉन बेकर यांनी २०१७ साली ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ हा सिनेमा अशाच कुटुंबांतल्या मुलांवर काढला. डिस्ने वर्ल्ड बांधायच्या आधी त्या योजनेला हेच नाव होतं.

डिस्नेने परवडणाऱ्या घरांसाठी ऐंशी एकर दिले आहेत, युनिव्हर्सलने वीस. द्यायलाच हवेत. पण सत्तावीस हजारांतून ऐंशी म्हणजे किती, हे गणित तिसरीतलं पोर करेल.

आपली माणसं

आणि यात आपण कुठे? भर उन्हात. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेले आई-बाबा, नातवाच्या शाळेला सुट्टी म्हणून नेमके जून-जुलैत ऑरलँडोला पोचतात. बाबा प्रत्येक भाव रुपयांत करून पाहतात आणि पाण्याच्या बाटलीपाशी त्यांचा रक्तदाब चढतो. बाबा, खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर थंडगार पाण्याचा पेला फुकट मिळतो. बाहेरचं खाणंही नेऊ देतात. दशम्या-चटणी बिनधास्त बांधा.

डिस्नेच्याच ‘एपकॉट’ उद्यानात तळ्याकाठी अकरा देशांचे मांडव आहेत. भारत नाही. शेवटचा देश १९८८ला आला, तो नॉर्वे. भारतासारखं काही पाहायचं तर ‘ॲनिमल किंगडम’मध्ये ‘आनंदपूर’ नावाचं कल्पित राज्य आहे. तिथे कालीच्या नावाची नदी आपल्याला नखशिखांत भिजवते आणि आपण त्यासाठी तासभर रांगेत उभे राहतो. घरी नळाला पाणी नसताना अंगावर पाणी उडवून घ्यायला सात समुद्र ओलांडणं, ही चैन आपल्यालाच परवडते.

जा, जरूर जा. मजा येते, खोटं कशाला बोला. फक्त परत आल्यावर एक करा. कोकणचा कॅलिफोर्निया करायचं आश्वासन आपण कैक वर्षं ऐकतो आहोत. उद्या कुणी आपल्याकडे ऑरलँडो आणायला निघेल, तेव्हा राईड किती उंच ते विचारू नका. माथेरान-महाबळेश्वरला नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडतात, तिच्यापासून सुरुवात करा. हा पैसा गावाच्या पाण्यात, कचऱ्यात आणि घोडेवाल्याच्या घरात किती जातो, त्याचा हिशेब मागा. तो मिळेपर्यंत नव्या ऑरलँडोला मत देऊ नका.