नोकरी गमावण्याची पात्रता

नोकरी मिळवून देणारे क्लासेस आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. नोकरी कशी गमवावी हे मात्र कुणी शिकवत नाही, आणि त्या अडाणीपणापायी माणसं हक्काच्या पैशाला मुकतात. नोकरी काय, कुणाचीही जाते. सरकारदरबारी मान्य होईल अशी जायला मात्र पूर्वतयारी लागते.

दरबार म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ. चाकणपासून बुटीबोरीपर्यंत सगळे ज्याला नुसतं ईएसआय म्हणतात, ते. त्यांची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ 1 जुलै 2018 पासून चालू आहे. नोकरी गेल्यावर रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त 90 दिवस. महिना अठरा हजार मिळत असतील तर दिवसाला 300, तीन महिन्यांचे 27,000. आणि हे आयुष्यात एकदाच, मुंजीसारखं. मुंजीतही बटूच्या हाती झोळी देतात म्हणा. फरक इतकाच, की तिथे भिक्षा घालणाऱ्यांची रांग असते, इथे मागणाऱ्यांची.

आता पात्रता. पहिली अट, पगार बेताचा हवा. ईएसआयची रेषा 2017 च्या जानेवारीत 21,000 रुपयांवर आखली गेली. मग घरभाडं वर गेलं, तूरडाळ वर गेली, रेषा वर्षानुवर्षं तिथेच ध्यान लावून बसली. त्यामुळे साहेबांनी पाठ थोपटून पगार साडेएकवीस हजार केला, तर पेढे वाटण्याआधी विचार करा. चालू सहामाही संपली की तुम्ही विम्याबाहेर, म्हणजे श्रीमंत. हिंजवडीतले आयटीवाले तर या हिशेबाने जन्मजात श्रीमंत. त्यांची नोकरी गेली की त्यांना मिळतो तो ‘तुम्ही कायम आमच्या कुटुंबाचा भाग राहाल’ असा ईमेल. त्याची प्रिंट काढून गृहकर्जाच्या हप्त्यापोटी बँकेत भरता येते का, हे कुणीतरी विचारून पाहावं.

दुसरी अट, नोकरी गमावण्याची घाई नको. आधी किमान दोन वर्षं विमाधारक म्हणून काढा. नोकरी जाण्याच्या लगतच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही 78 दिवसांची. कंत्राटी पोराला ठेकेदार अकरा महिन्यांनी घरी पाठवतो, मग दुसऱ्या नावाच्या ठेक्यावर घेतो. त्याने दिवस मोजत बसावं. ठेकेदाराने पगारातून पाऊण टक्का कापला, तो महामंडळात पोचला की वाटेत गायब झाला, यावरही लक्ष ठेवावं. फावल्या वेळात यंत्र चालवावं.

तिसरी अट सर्वांत नाजूक. नोकरी गैरवर्तनाच्या शिक्षेने गेलेली नको, निवृत्तीने नको, स्वेच्छेने तर नकोच. इथे भलेभले घसरतात. एचआरच्या बाई काचेच्या खोलीत बोलावतात, पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि आधीच टाइप केलेला राजीनामा सरकवतात. त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलेलं असतं. कारण खरोखर वैयक्तिकच असतं, फक्त व्यक्ती दुसरी असते. पुढे चांगला दाखला मिळेल या आशेने माणूस सही करतो आणि एका सहीत कामावरून काढलेल्याचा हौशी बेकार होतो. हौसेला सरकार पैसे देत नाही.

पूर्वी तर आणखी गंमत होती. नोकरी गेल्यावर 90 दिवस थांबायचं, पैसे निम्मे नव्हे तर पाव, आणि दावा यायचा शेवटच्या मालकामार्फत! ज्याने हाकललं त्याच्याच हातून अर्ज. 2020 मध्ये टाळेबंदीने इतकी माणसं एकदम रस्त्यावर आणली, की नियमालाही लाज वाटली. मालकाची शिफारस गेली, 90 चे 30 दिवस झाले, पावाचे निम्मे झाले. आता अर्ज ऑनलाइन करता येतो, थेट शाखा कार्यालयात देता येतो. शिवाय भत्ता चालू असेपर्यंत घरच्यांचे औषधपाणीही ईएसआयकडे चालू राहतं, हे मात्र कुचेष्टा बाजूला ठेवून सांगायला हवं. पुष्कळांना ते ठाऊकच नसतं. पहिले 30 दिवस काय खायचं, याचं उत्तर अर्जात नाही.

बाकी संविधानाच्या कलम 41 मध्ये बेकारीत सरकारी साहाय्याचा उल्लेख आहेच. राज्याने ते ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ करायचं आहे. किराणावाल्याला मी हीच मर्यादा सांगितली होती. त्याने संविधान वाचलेलं नाही.

आणि योजनेवर तरी किती रागवायचं? तीही बिचारी कंत्राटीच. प्रायोगिक म्हणून घेतली आणि तेव्हापासून वर्षा-दोन वर्षांच्या मुदतवाढीवर दिवस काढते आहे, कायम कुणी करत नाही. उद्या मुदतवाढ मिळाली नाही तर निदान तिची पात्रता चोख आहे. दोन वर्षांहून जास्त सेवा झाली, गैरवर्तन नाही, राजीनाम्यावर सही नाही. तिने 30 दिवस थांबावं आणि आधार कार्डाची प्रत घेऊन शाखा कार्यालयात जावं. जेवणाची सुट्टी टाळून.