झाकणाला भोकं असलेला डबा

कऱ्हाडकडच्या आमच्या ऊसपट्ट्यात प्रत्येक गावाला एक तलाठी, एक पोलीस पाटील आणि एक सर्पमित्र असतो. पहिल्या दोघांना सरकार पैसे देतं. तिसऱ्याला लोक चहा देतात, तोही साप पिशवीत गेल्यावर. तोवर यजमान मंडळी सहकुटुंब गच्चीवर असतात.

पोटासाठी त्याचं काहीतरी दुसरंच चालू असतं. आमच्या गल्लीतल्या सर्पमित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे. शटर अर्धं ओढलेलं आणि त्यावर ‘घोणस. अर्ध्या तासात येतो’ असा कागद डकवलेला दिसला, की पोरं मार्कशीट घेऊन समोरच्या दुकानात जातात. समोरच्या दुकानदाराला त्यामुळे सापांबद्दल मनापासून आपुलकी वाटू लागली आहे.

या जमातीत दोन पोटजाती आहेत. पहिलीतले नाग गळ्यात घालून मोबाईलसमोर उभे राहतात. त्यांचा फोटो वर्तमानपत्रात दोनदा येतो, दुसऱ्यांदा काळ्या चौकटीत. आमचे सर्पमित्र दुसऱ्या पोटजातीतले. काळ्या पिशवीच्या तोंडाला पाइप बांधायचा, तो सापासमोर धरायचा, हुकानं हळूच वळवायचं. अंधारी जागा दिसली की साप आपण होऊन आत शिरतो. गाठ मारायची, वन खात्याला कळवायचं, नोंद करायची, जवळच्याच माळावर सोडून यायचं. हे बघायला जमलेल्या गर्दीचा फार विरस होतो. ‘एवढंच?’ असं म्हणत माणसं गच्चीवरून उतरतात.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा सापाला मारू देत नाही आणि पाळूही देत नाही. रात्री दोन वाजता फोन करणाऱ्यापासून सर्पमित्राच्या बायकोला मात्र कुठलाच कायदा संरक्षण देत नाही.

लग्न ठरताना आमच्या सर्पमित्राच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, वडिलांनी मुलाचं शिक्षण विचारलं, शेती विचारली, व्यसन विचारलं. बायोडेटात छंदासमोर ‘निसर्ग’ असं लिहिलं होतं. निसर्ग म्हणजे झाडंबिडं असणार, असं त्या साध्या माणसाला वाटलं. निसर्ग पहिल्या आठवड्यातच उशीच्या अभ्र्यातून घरी आला. त्या अभ्र्यावर वहिनींनी माहेरी बसून रेशमानं ‘शुभ रात्री’ भरलं होतं. वनरक्षकानं आधी अभ्रा वाचला, मग आतला नाग बघितला, आणि नोंदवही पुढे करताना नवरदेवाचं अभिनंदन केलं. हल्ली त्या घरात उशा भरपूर आणि अभ्रे शून्य अशी परिस्थिती आहे. सत्काराच्या शाली पडून असतात, पण त्या नायलॉनच्या. आत हवा खेळत नाही म्हणून सापाच्या कामाला येत नाहीत. माणसाच्याही येत नाहीत, पण तो विषय वेगळा.

पोरांसाठी घरात एकच कडक नियम आहे: झाकणाला भोकं असलेला डबा उघडायचा नाही. आत बहुतेक वेळा तस्कर नाहीतर कवड्या, म्हणजे बिनविषारी पाहुणा, सकाळ व्हायची वाट बघत पडलेला असतो. वहिनींनी या नियमाचा असा काही उपयोग करून घेतला आहे, की त्यांना मंत्रिमंडळात घ्यावं. दिवाळीच्या चकल्या त्या भोकांच्याच डब्यात ठेवतात. पोरं हात लावत नाहीत, दीर लावत नाहीत, नणंद तर त्या खोलीतही जात नाही. भोकांमुळे चकल्या थोड्या सादळतात, पण पाडव्यापर्यंत उरतात. मुक्कामाला पाहुणे येत नाहीत हा आणखी एक फायदा. शेजारच्या बायका याबद्दल उघड हळहळतात आणि मनातल्या मनात हेवा करतात.

पण खरी गंमत फोनची. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर जो नंबर रंगवला आहे, तो फोन वहिनींच्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी असतो.

“वहिनी, दहा फुटी नाग निघालाय!”

“फणा काढला का?”

“नाही.”

“घरात उंदीर आहेत?”

“आहेत की.”

“मग धामण आहे, आणि पाचच फूट आहे. दार उघडं ठेवा, जाईल.”

घाबरलेल्या माणसाच्या फुटाला दोननं भागायचं, हे गणित त्यांनी स्वतः बसवलं आहे. भिंतीवर पालीमागे चढणारा पट्ट्यापट्ट्यांचा साप असेल तर त्या विचारतात, पट्टे मानेकडे ठळक की शेपटीकडे? मानेकडे असतील तर कवड्या. त्या पुन्हा कणीक मळायला लागतात. शेपटीकडे म्हटलं की हात थांबतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. वहिनी आधी समोरच्याला पोरं कॉटवर घ्यायला सांगतात, मग नवऱ्याला उठवतात. मांडूळ सापडलंय, ‘किती येतील?’ असं विचारणाऱ्याला त्या वन खात्याचा नंबर देतात आणि वर, “तेच सांगतील किती वर्षं येतील ते,” असंही म्हणतात.

एकदा एका बाईंना त्यांनी विचारलं, “कुकरच्या शिट्टीसारखा आवाज येतोय का?” घोणस तसाच फुत्कार टाकते. “येतोय, येतोय!” बाई किंचाळल्या. सर्पमित्र स्वयंपाकघरात पोचले तेव्हा चार शिट्ट्या होऊन डाळ लागली होती, आणि कपाटाखाली निघाली ती पोरानं टाकलेली सायकलची ट्यूब. तेव्हापासून आधी कुकर बंद करायला सांगायचं, असा ठराव झाला.

नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून वहिनी पुरणाची दिंडं उकडतात आणि दुपारभर फोन घेतात. मातीच्या नागाला हात जोडणाऱ्यांना न्हाणीतला नाग मात्र ताबडतोब हलवून हवा असतो. ‘तोवर दूध ठेवलंय त्याच्यापुढे,’ असंही कळवतात. सापाला दूध पचत नाही, हे सांगून सांगून वहिनी थकल्या. आता त्या नुसतं, “तुम्हीच प्या,” म्हणतात.

सर्पमित्रांचं दैवत म्हणजे पुण्याचे नीलिमकुमार खैरे. १९८०मध्ये खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले होते. लग्नानंतर नवऱ्यानं ही गोष्ट भारावून सांगितली, तेव्हा वहिनींनी मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाल्या, “म्हणजे तीनच दिवस?”

या बाईंची काळजी दिसत नाही, कारण तिला त्यांनी कामाचं रूप दिलं आहे. जूनच्या सुरुवातीला लोक छत्र्या दुरुस्त करून घेतात. वहिनी ग्रामीण रुग्णालयात फोन करून सर्पदंशाची लस किती आहे ते विचारतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ती एकच लस चालते, घोड्याच्या रक्तापासून करतात, हे नवशिक्या नर्सला त्यांनीच समजावलं. आणि नवरा कामगिरीवरून परतला, की उंबऱ्याबाहेर त्याला दोन्ही हात पुढे करायला लावतात. आधी तळवे, मग उलटे, मग बोटांच्या बेचक्या. तो वैतागून म्हणतो, “अगं, धुतलेत साबणानं!” इतकी वर्षं झाली, त्याला अजून वाटतं हे स्वच्छतेसाठी आहे.

यंदा गणपतीत मंडळानं सर्पमित्रांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, नायलॉन वगैरे. अध्यक्ष ‘निर्भय, निःस्वार्थी’ इथपर्यंत पोचले होते, तेवढ्यात सत्कारमूर्तींच्या खिशात ओट्यावरचा फोन वाजला. वहिनी साडी नेसून बाहेर पडल्या होत्या म्हणून तो त्या दिवशी नवऱ्याकडे. घाईत बोट भलतीकडे लागलं आणि स्पीकर सुरू झाला. समोरच माईक.

“हॅलो, वहिनी?”

“मी सर्पमित्र बोलतोय. काय झालं?”

“तुम्ही नको हो! वहिनींना द्या की!”

सगळा मांडव मागे वळला. तिसऱ्या रांगेतून वहिनींनी ओरडून सांगितलं, “अहो, आधी कुकर बंद करायला सांगा!”