काजव्यांची सोय

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. मे सरता सरता वळवाच्या सरी पडल्या की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातले हिरडे, बेहडे, सादडे रात्री लुकलुकू लागतात. पण तो उजेड केवढासा! तो नीट दिसावा म्हणून पुण्या-मुंबईची मंडळी शनिवारी रात्री घाटघरच्या रस्त्याला गाड्यांची रांग लावतात आणि हेडलाइट फुल्ल ठेवतात. कुणाकडे रिकाम्या हाती जाऊ नये, हे संस्कार अजून टिकून आहेत.

नर काजवा चमकून मादीला खूण करतो म्हणे. अशा नाजूक प्रसंगी संगीत हवंच. डिकीतला स्पीकर तीही उणीव भासू देत नाही. एखादा हौशी बाप काजवा पकडून पाण्याच्या बाटलीत सोडतो, झाकण घट्ट पिळतो आणि पोराला म्हणतो, ‘‘बघ, निसर्ग!’’

वनखातं मात्र अजून ‘दिवे बंद ठेवा’ असल्या जुनाट सूचना देत बसलंय. त्यापेक्षा झाडाझाडावर एलईडीच्या माळा सोडाव्यात. त्यांना ना पावसाची वाट पाहावी लागते, ना मादीची. बारमाही महोत्सव! शिवाय बटण गावातल्याच कुणाच्या हाती दिलं, की रोजगारही आला.

‘‘काजवे कुठायत रे?’’ काच खाली करून एका साहेबांनी गावातल्या पोराला विचारलं.

‘‘लाइट बंद करा की साहेब, दिसतील.’’

‘‘वेडा की काय! अंधारात दिसणार कसे?’’